बघून चालायला काय झालं?

मागच्या महिन्यात एका मित्राकडे वास्तुशांतीला गेलो होतो. नवा कोरा फ्लॅट, चौदावा मजला आणि हॉलभर पांढरीशुभ्र चकचकीत फरशी. इतकी चकचकीत की वरच्या फॉल्स सीलिंगमधले दिवे खाली बघून मोजावेत. आलेला प्रत्येक जण दारात चपला काढायचा, आत पाऊल टाकायचा आणि म्हणायचा, "वा! अगदी हॉटेलसारखं वाटतंय!" मित्र खूष. मग तो प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवायचा, "फक्त जरा बघून चाला हं, फरशी नवीन आहे."

पूजेची जागा ते किचन अशी तांब्या-ताटांची ये-जा चालू होती. म्हणजे पाणी सांडणारच. वहिनी एका हाताने साडी सावरत, पायाची बोटं आवळून चालत होत्या. मित्राचे वडील नव्या एल आकाराच्या सोफ्यात बसले होते. बसले होते म्हणजे बुडाले होते. आरतीला उठायची वेळ आली तेव्हा त्यांनी दोनदा पुढे झोका घेऊन पाहिला, जमेना. शेवटी दोन नातवांनी दोन हात धरून त्यांना उपसून काढलं. सगळे हसले. काकासुद्धा हसले.

मला मात्र हसू आलं नाही. त्याचं कारण सांगायचं तर आधी स्वतःचाच गुन्हा कबूल करावा लागेल.

पुण्यातला आमचा फ्लॅट जुना. खाली मोझॅकच्या फरश्या होत्या, पिवळसर, त्यात लाल-काळे ठिपके. वापरून वापरून त्यांचं पॉलिश कधीच उडालं होतं. मला त्या फरश्यांची लाज वाटायची. पाच वर्षांपूर्वी हातात थोडे पैसे आले आणि मी घराचं रिनोव्हेशन काढलं. दुकानात जाऊन दोन बाय दोनच्या, हस्तिदंती रंगाच्या, आरशासारख्या व्हिट्रिफाइड टाइल्स निवडल्या. मीच निवडल्या. आईला दुकानात नेलंसुद्धा नाही. "तिला काय कळतंय त्यातलं" असं म्हणालो नाही, पण वागलो तसाच.

टाइल्स बसल्या. आई दोन दिवस घरभर फिरली आणि एवढंच म्हणाली, "छान आहे रे. पण ह्याच्यावर पाणी दिसत नाही."

मी म्हणालो, "होईल सवय."

आठव्या महिन्यात, मे महिन्यातल्या एका दुपारी, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला सुटलेलं पाणी खाली ठिबकलं होतं. चार थेंब असतील नसतील. आईचा पाय त्यावरून गेला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, वॉकर, सहा महिने. भेटायला आलेल्या माणसांनी फळं आणली, चौकशी केली आणि जवळजवळ प्रत्येकाने जाता जाता प्रेमाने विचारलं, "अहो, बघून चालायला काय झालं?"

आणि आई दर वेळी म्हणायची, "हो ना, माझंच लक्ष नव्हतं."

माझं भांडण आहे ते ह्या वाक्याशी. पडलेला माणूसच गुन्हेगार, आणि फरशी निर्दोष! रस्त्यावर खड्ड्यात पडलो तर आपण महापालिकेला शिव्या घालतो. घरात पडलो तर स्वतःलाच. का? तर फरशी आपण पैसे देऊन आणलेली असते, कौतुकाने मिरवलेली असते. तिला दोष द्यायचा म्हणजे आपल्या निवडीला दोष देणं आलं.

आपण फरशी निवडतो कशी ते जरा आठवून पाहा. दुकानात आपण बूट-चपला घालून जातो. तिथे टाइल्स भिंतीला टेकवून उभ्या असतात, किंवा फोटोफ्रेमसारख्या रॅकमधे अडकवलेल्या. वर झगझगीत दिवे. म्हणजे जी वस्तू आडवी घालून, ओल्या-सुक्यात, अनवाणी पायांनी वापरायची, ती आपण उभी, कोरडी आणि डोळ्यांनी बघून घेतो. आंबा घेताना आपण वास घेऊन पाहतो, साडी घेताना पोत बोटांत धरून पाहतो. पुढची वीस-तीस वर्षं ज्यावर रोज पाय ठेवायचा ती फरशी मात्र नुसती चमक बघून!

घसरण्यामागचं शास्त्र काही फार अवघड नाही. पाय आणि फरशी यांच्या मधे पाण्याचा पातळ थर आला की पाय फरशीला टेकतच नाही, तो पाण्यावर तरंगतो. फरशी थोडी खरबरीत असेल तर तिचे बारीक उंचवटे तो थर फोडून पायाला भिडतात आणि पकड मिळते. घासून आरसा केलेल्या टाइलवर हे उंचवटेच उरलेले नसतात. त्यात व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषते. डाग पडत नाहीत म्हणून आपण हा गुण वाखाणतो, आणि तो गुण आहेच. पण याचा अर्थ असाही होतो की सांडलेलं पाणी तुम्ही पुसेपर्यंत किंवा ते वाळेपर्यंत वरच राहणार. आणि पृष्ठभाग मुळातच चमकत असल्यामुळे ते दिसणार नाही. आईने दोन दिवसांत जे ओळखलं ते हेच होतं!

याची मोजमापंही आहेत. जर्मनीत एक चाचणी करतात. टाइल्स बसवलेल्या फळीवर तेल ओततात, बूट घातलेला माणूस त्यावर चालतो आणि फळीचा उतार हळूहळू वाढवत नेतात. कितव्या अंशाला माणसाचा पाय सुटतो त्यावरून आर-९ ते आर-१३ असे दर्जे ठरतात. आर-९ म्हणजे सहा ते दहा अंश, सगळ्यात खालची पायरी. आर-१० म्हणजे दहा ते एकोणीस, आर-११ म्हणजे एकोणीस ते सत्तावीस. अनवाणी पायांसाठी वेगळी चाचणी आहे, तिच्यात तेलाऐवजी साबणाचं पाणी असतं आणि ए, बी, सी असे तीन वर्ग. ए साठी किमान बारा अंश, बी साठी अठरा, सी साठी चोवीस.

हे वाचलं तेव्हा मला आमचंच घर आठवलं. तेल ओतून त्यावर चालायचा प्रयोग करायला जर्मनीला कशाला जायला हवं? तो आपल्याकडे रोज संध्याकाळी देवघरासमोर होतो. समईत तेल घालताना दोन थेंब खाली पडतात. ओट्यापुढे फोडणीचं तेल उडतं. आणि नरकचतुर्दशीला तर अंगभर तेल चोपडून, उटणं लावून, पहाटेच्या अर्धवट झोपेत आपण बाथरूमच्या टाइलवर उभे राहतो. अभ्यंगस्नान म्हणजे जगातली सगळ्यात कठीण फ्लोअरिंग टेस्ट आहे. पण आपल्या फरशीची निवड होते ती पाहुण्यांच्या पहिल्या पाच मिनिटांसाठी. पाहुणे चहा पिऊन जातात. राहतो आपण.

आता काही जण म्हणतील, हा बाबा आता शेणाने सारवलेल्या जमिनीचे गोडवे गाणार. नाही हो, अजिबात नाही. ती जमीन पायाला मऊ लागायची, खरं आहे. पण ती कोण सारवायचं? दर चार-आठ दिवसांनी, उकिडवं बसून, एक हात शेणात घालून, आख्खं घर मागे सरकत सरकत... घरातल्या बायका. त्यांच्या कंबरा आणि गुडघे त्या जमिनीत गेले. त्या जमिनीबद्दल हळवं होणारे बहुतेक पुरुष असतात, हा मला योगायोग वाटत नाही. फरशी आली ते उत्तमच झालं. माझं म्हणणं एवढंच, की बाईचे गुडघे वाचवायला आलेल्या फरशीने म्हातारपणी तिचा खुबा मोडू नये.

दुसरा आक्षेप जास्त जोरदार आहे. चकचकीत फरशी पुसायला सोपी, मॅट फिनिशमधे मळ बसतो. यात तथ्य आहे. फार खरबरीत टाइल घेतली तर कपडा अडकतो आणि खाचांत काळं साठतं, हे मी स्वतः भोगलंय. बाहेरच्या जिन्यावर घालतात तसली टाइल किचनमधे घालू नये. पण म्हणून एकदम दुसऱ्या टोकाला जायची काय गरज? मधलं साटिन किंवा साधं मॅट फिनिश मिळतं, तेही त्याच व्हिट्रिफाइडमधे. आणि चकचकीत फरशी पुसायला सोपी असली तरी तिला पुसावं जास्त लागतं, हे कुणी सांगत नाही. तिच्यावर पावलांचे ठसे दिसतात, पाणी वाळल्याचे ओघळ दिसतात, उन्हाच्या तिरिपेत केसन् केस दिसतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या, "दादा, तुमची जुनी फरशी पुसली की पुसल्यासारखी वाटायची. ही पुसली की परत मळते." त्यांच्या मताला कुणी विचारलं होतं? घरातली प्रत्येक फरशी रोज हाताने शिवणारी एकमेव व्यक्ती म्हणजे त्या!

तिसरी पळवाट पायपुसण्याची. "आम्ही जागोजागी मॅट टाकलेत की." गुळगुळीत टाइलवर टाकलेलं, खाली रबर नसलेलं पायपुसणं म्हणजे जादूची सतरंजी. पाय ठेवला की निघालीच! खाली रबर असेल आणि कडा वळल्या नसतील तरच त्याचा उपयोग. नाहीतर पायपुसण्याइतका ओला आणि सरकता पदार्थ घरात दुसरा नाही.

बरं, पर्याय नाहीत असंही नाही. आपल्या आसपासच्या दगडांची नावं आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहेत की ती गावांची नावं आहेत हेही आपण विसरतो. शहाबादी आली कर्नाटकातल्या शहाबादहून, कडप्पा आंध्रातल्या कडप्प्याहून आणि कोटा राजस्थानातल्या कोट्याकडून. तिन्ही चुनखडीचे दगड. शहाबादी पॉलिश न करता नुसती सपाट करून बसवली की ओल्या पायालाही बरी धरते. म्हणून तर जुन्या घरांच्या मोऱ्यांत, अंगणांत, वाड्यांच्या चौकांत तीच दिसते. तिचे दोष लपवत नाही: चुनखडी असल्यामुळे लिंबू, चिंच, व्हिनेगर पडलं की डाग पडतो, बाथरूममधे अ‍ॅसिड वापरलं तर ती खराब होते आणि सांधे नीट भरले नाहीत तर मुंग्या घर करतात. सिमेंटच्या नक्षीदार टाइल्स अजून बनतात. १९२२ साली स्वदेशीच्या भावनेतून मुंबईत सुरू झालेली भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी आजही चालू आहे. ह्या टाइल्स भट्टीत भाजत नाहीत, दाबयंत्रात दाबून मग पाण्याने पक्क्या करतात. आणि मोझॅक तर आहेच. अर्थात मोझॅकसुद्धा मशीन लावून आरशासारखं घासलं तर घसरणारच. दोष वस्तूचा नाही, आरशाच्या हौसेचा आहे.

लाकडी फ्लोअरिंगचाही सध्या सोस आहे. लॅमिनेट म्हणून जे मिळतं ते बहुतेक दाबलेल्या लाकडाच्या भुश्यावर चिकटवलेलं लाकडाचं चित्र असतं. कोरड्या बेडरूममधे ठीक. पण कोकणात किंवा मुंबईत, जिथे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे पाणी सांध्यांतून आत शिरलं की त्याच्या कडा फुगतात, आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. म्हणजे घसरण्याऐवजी ठेचकाळायची सोय!

फरशीबद्दल इतकं बोललो, आता त्या सोफ्याकडे वळतो. काकांना उपसून काढलं तो.

आपल्याकडे पूर्वी बसायच्या दोन पद्धती होत्या. एक जमिनीवर, पाट किंवा सतरंजी घालून. दुसरी खुर्चीवर किंवा बाकावर. जमिनीवरून उठायचीही एक रीत असते, एका कुशीवर वळायचं, हाताने जमीन दाबायची, एक गुडघा उभा करायचा आणि उठायचं. जमीन टणक असते, ती हाताला उत्तर देते. खुर्चीला हात असतात, ते दाबून उठता येतं. हा नवा सोफा दोन्हीतला नाही. बैठक जमिनीपासून जेमतेम चौदा-पंधरा इंच, त्यात बसल्यावर आणखी चार इंच खाली जाणार. दाबायला जावं तर फोम हातालाच गिळतो. बैठक जितकी खाली तितका उठताना गुडघ्यावर आणि मांडीच्या स्नायूंवर भार जास्त, हे कुठलाही फिजिओथेरपिस्ट सांगेल. आणि खोली? चोवीस इंच! पाच फुटाच्या बाईने पाठ टेकवली तर पाय अधांतरी, पाय टेकवले तर पाठ अधांतरी. म्हणून मग मागे तीन-तीन उशा लावायच्या. जी वस्तू उशा लावल्याशिवाय बसण्याजोगी होत नाही तिला बसायची वस्तू का म्हणायचं?

त्याच्या पुढे काचेचा टीपॉय, बरोबर नडगीच्या उंचीचा, चार टोकदार कोपऱ्यांचा. त्याखाली चकचकीत टाइल. मला वाटतं हल्लीचा हॉल म्हणजे म्हाताऱ्या माणसाविरुद्ध रचलेला एक कट आहे. रचणाऱ्याच्या मनात मात्र वाईट काहीच नसतं. त्याने फक्त फोटो पाहिलेला असतो, आणि फोटोत कुणी बसलेलं नसतं.

"आमच्याकडे म्हातारं कुणी नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन आकडे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरची माणसं दहा कोटींहून जास्त होती. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंमधे वाहनांच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचा नंबर लागतो. हेल्मेट घाल म्हणून आपण पोराच्या मागे लागतो, आणि आईला आरशावर चालायला लावतो. शिवाय फरशी वीस-तीस वर्षांसाठी घालतात. आज पंचेचाळिशीत तुम्ही निवडलेली टाइल तुमच्या सत्तरीत तुमच्याच पायाखाली असणार आहे.

काय करावं, हे साधं आहे. दुकानात चपला काढा. दुकानदार बघेल, बघू दे. टाइल जमिनीवर आडवी ठेवायला सांगा, तिच्यावर तांब्याभर पाणी ओता आणि कुणाचा तरी हात धरून त्यावर उभे राहा. आर नंबर विचारा. सांगता येत नसेल तर तेही एक उत्तरच आहे. बाथरूमची टाइल आणि तिचा उंबरा एका रंगाचा ठेवू नका, अधू डोळ्याला पायरी दिसत नाही. सोफ्यावर दहा मिनिटं बसा आणि हात न लावता उठून पाहा. आणि हे सगळं करायला घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणि फरशी पुसणारं माणूस, दोघांनाही बरोबर न्या. इंटेरियरवाल्याला शेवटी विचारलं तरी चालेल.

आमच्याकडे? सगळं घर पुन्हा उकरायची ऐपत नव्हती. किचन, बाथरूम आणि फ्रीजपासून देवघरापर्यंतचा पट्टा एवढंच बदललं. या वेळी आईला नेलं, वॉकरसकट. दुकानातल्या मुलाने सवयीने आधी चकचकीत माल काढला. "मावशी, हा बघा, अगदी आरसा." आई म्हणाली, "आरसा आहे घरी एक. पायाखालचं दाखव." मग स्टुलावर बसून, चप्पल काढून, तिने एकेक टाइल ओल्या पायाने चोळून पाहिली. अकरावी पसंत पडली. करडी, साधी, कुणी "वा!" म्हणणार नाही अशी.

आता आमच्या हॉलमधे दोन रंग दिसतात, मधोमध जोड आहे, आणि नवीन आलेला माणूस हमखास विचारतो की टाइल्स कमी पडल्या का. आई त्या करड्या पट्ट्यावरून वॉकरशिवाय चालते. चकचकीत भागात आली की अजून भिंतीला हात लावते.

तो हात लावलेला मी रोज बघतो.